चार सेकंद

कॅप्टन कारखानीस यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. त्यांची बोटे काचेच्या छताला लागल्याचा टक् असा आवाज मला हेडसेट असूनही ऐकू आला. विमान धावपट्टीच्या दिशेने शेवटचे वळण घेत होते. उंची सातशे फूट, वेग सत्तर नॉट, डावीकडचा झुकाव पंचेचाळीस अंश, म्हणजे असायला हवा त्यापेक्षा पंधरा अंशांनी अधिक. स्टिकवर त्यांचा हात नव्हता आणि माझाही नव्हता.

"सर, घ्या," त्या म्हणाल्या.

त्यानंतर काही काळ ते विमान कोणीच चालवत नव्हते.

त्या काळात मला काय दिसले ते जसेच्या तसे सांगतो. मला हातमोजे दिसले. पांढरट कातडी हातमोजे, उजव्याची करंगळीजवळची शिवण उसवलेली. ते मला पाठीमागून दिसले, एका हेल्मेटच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले. कॅप्टन कारखानीस माझ्या डाव्या हाताला, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हातात मोजे नव्हते, एका मनगटात एक बारीक सोन्याची बांगडी होती.

मग विमानाचे नाक खाली गेले, क्षितिज वर सरकले. मी "आय हॅव कंट्रोल" म्हणत स्टिक धरली, झुकाव काढला, शक्ती वाढवली आणि पुढच्या फेरीत विमान उतरवले. उतरणे चांगले झाले. इंजिन बंद होऊन पंखा थांबला, तेव्हा त्यांनी मांडीवरच्या पाटीवर काहीतरी टिपले आणि म्हणाल्या, "आठल्येसाहेब, आधी चहा घेऊ. मग भांडू."

मी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले. त्यानंतर बावीस वर्षे हवाई दलात काढली, त्यांतली पंधरा प्रशिक्षक म्हणून. जे मोजता येत नाही त्यावर मी मत देत नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी निवृत्त झालो, तेव्हा शिकवण्याचे सतराशे तास माझ्या नावावर होते, पण नागरी प्रशिक्षकाचा परवाना नव्हता. लष्करी तास नागरी हिशेबात धरून घ्यायचे, तर मुख्यालयाचा दाखला लागे, एक लेखी परीक्षा लागे, आणि शेवटी परीक्षकासमोर जमिनीवरचे एक ब्रीफिंग आणि हवेतला एक धडा. तापीकाठच्या एका छोट्या धावपट्टीवर नवीन उड्डाणशाळा निघाली होती. तिने उपमुख्य प्रशिक्षकाची जागा माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. मला शिकवण्यावाचून दुसरे काही येत नव्हते, आणि शिकवण्याचा अधिकार त्या दिवशी कारखानीसबाईंच्या सहीत होता.

त्या पन्नाशीच्या. प्रवासी विमाने वीस वर्षे चालवून परीक्षक झालेल्या. सकाळी ब्रीफिंगच्या खोलीत टेबलावर फोन ठेवत त्यांनी सांगितले होते, "हे मी टिपून घेते. नंतर उमेदवार म्हणतात, मी असं बोललोच नाही." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "आता मी कॅप्टन नाही. मी दहा तास उडालेली, वडिलांनी दटावून पाठवलेली मुलगी आहे. चुका करीन. शिकवा."

प्रशिक्षकाचे हे बोलणे आम्ही पाठ केलेले असते. कोणत्या उंचीवर काय म्हणायचे, विद्यार्थ्याला काय करायला सांगायचे, त्याचा शब्दन् शब्द ठरलेला. त्याला पॅटर म्हणतात. पंधरा वर्षांत मी तो इतक्या वेळा म्हटला होता, की म्हणताना दुसरा विचार करू शकत असे. त्या सकाळी मी बहुधा पगाराचा आणि घरभाड्याचा विचार करत होतो.

चहा आला. कॅन्टीन म्हणजे हँगरच्या कडेला पत्र्याखाली मांडलेली दोन बाके. कारखानीसबाईंनी कप खाली ठेवला.

"मी मुद्दाम जास्त झुकवलं. तुम्ही स्टिक दोनदा हलवलीत. 'आय हॅव कंट्रोल' म्हणाला नाहीत."

"लष्करी सवय. आमच्या तळावर तसा संकेत होता. विमानात एकापुढे एक बसायचं. विद्यार्थी पुढे, मी मागे. इंटरकॉम बिघडला तर मी स्टिक दोनदा हलवणार, म्हणजे 'मला दे'. विद्यार्थ्याने ती सोडून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, म्हणजे मागून मला दिसतील."

"इथे मी शेजारी बसलेय."

"म्हणून तर विचारतो. तुम्ही हात वर का केलेत?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी?"

"ब्रीफिंगमध्ये. मी हात वर करायचे आणि 'सर, घ्या' म्हणायचं. मराठीत. मला नवल वाटलं, पण मी विद्यार्थिनी होते. सांगितलं तसं केलं."

"हाताचं सांगितलं असेन. 'सर, घ्या' हे मी सांगितलेलं नाही. हवेत इंग्रजीच बोलायचं असा आमचा नियम होता."

"साहेब," त्या म्हणाल्या, "म्हणूनच मी फोन ठेवते."

ब्रीफिंगच्या खोलीत जाऊन आम्ही ते ऐकले. माझाच आवाज होता. इंग्रजी, एकसुरी, घाई नसलेला. वळणाची उंची, वेग, झुकावाची मर्यादा. मग, 'मी स्टिक दोनदा हलवली, तर तू ती सोडायची. दोन्ही हात डोक्यावर. आणि म्हणायचं—'

इथे आवाज बदलला. तो माझ्याच घशातून आला होता यात शंका नाही, पण तो वरच्या पट्टीत होता, किंचित धापा टाकणारा, आणि त्या दोन शब्दांत समुद्रकाठचा हेल होता. 'सर, घ्याऽ.' मी पुण्याचा आहे. माझ्या बोलण्यात तो हेल नाही.

त्यानंतर शांतता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग माझा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीच्याच सुरात, धावपट्टीची लांबी सांगत.

"ही शांतता किती?" मी विचारले.

"त्याचं काय?"

"मोजू या."

घड्याळ लावून मोजली. चार सेकंद आणि एक दशांश.

कारखानीसबाई म्हणाल्या, "विमानातही तुम्ही तेवढाच वेळ थांबलात. मी मनात मोजत होते. पाचव्याला मी स्वतः घेतलं असतं. हात वर होते, पण गुडघे स्टिकला टेकवून होते मी. मला मरायची हौस नाही."

मला हे सारे अप्रिय असले तरी अनाकलनीय वाटले नाही. पाठांतरात भलता शब्द शिरतो आणि तिथेच राहतो. ज्याने पाठ केले त्याला तो ऐकू येत नाही. मी त्यांना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग काढून टाका. पुन्हा द्या ब्रीफिंग. तो भाग वगळून."

मी दिले. या वेळी लक्ष देऊन, प्रत्येक वाक्य तोलून. संपवले आणि म्हणालो, "झालं."

त्यांनी फोनवर टिपलेले ऐकवले. 'सर, घ्याऽ.' मग शांतता. चार सेकंद.

"मी हे बोललो नाही," मी म्हणालो.

"मी समोर बसले होते. तुम्ही बोललात. माझ्याकडे न बघता बोललात. माझ्या डोक्याच्या जरा वर बघत."

तिसऱ्यांदा मी ब्रीफिंग कागदावर लिहून काढले आणि ते वाचून दाखवले. लिहिलेल्याबाहेर एक अक्षर बोलायचे नाही, असे ठरवून. वाचताना माझे बोट ओळीखाली फिरत होते. बोट एका जागी थांबले, हे मला आठवते. पुढच्या ओळीवर ते कसे गेले, हे आठवत नाही. फोनने चार सेकंद आणि एक दशांश सांगितले.

बाहेर ऊन चढले होते. हँगरमध्ये कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होते. कारखानीसबाईंनी माझा अर्ज पुढे ओढला, पण पेन उघडले नाही.

"मी आजवर अकरा लष्करी प्रशिक्षक तपासले. सगळे स्टिक हलवतात, सगळ्यांना मी शिव्या घालते, सगळे सुधारतात. 'सर, घ्या' कोणी म्हणालं नाही. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, कुठल्या तळावरचं नाही. हे कोणाचं आहे?"

मला एक केरळी कॅडेट आठवला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी, उड्डाणात मी संकेत देताच त्याने हात वर केले होते आणि मोडक्या उच्चारांत 'सार, ग्या' म्हणाला होता. माझ्या मराठीपणाची टवाळी करतो असे समजून मी त्याला तीन दिवस धावपट्टीभोवती पळवले. तो बिचारा एवढेच म्हणत राहिला, 'यू टोल्ड मी, सर.' म्हणजे ते तेव्हाही होते. त्याच्या आधीही असणार. मी एकूण दोनशे बारा जणांना ते ब्रीफिंग दिले होते.

"तांडेलचं," मी म्हणालो.

"अर्जात आहे तो? अपघाताच्या रकान्यात?"

"हो."

त्यांनी पान उलटले आणि वाचले. "'फ्लाइट कॅडेट विश्राम तांडेल. शेवटच्या वळणात गती गमावून अपघात. चौकशीचा निष्कर्ष: प्रशिक्षकाने मागणी करूनही विद्यार्थ्याने नियंत्रण सोडले नाही.' भीतीनं गोठला. होतं असं."

"होतं."

"मग 'सर, घ्या' कधी म्हणाला?"

"आधीच्या उड्डाणांत. चुकला की मराठीत बोलायचा. मी दोनदा रागावलो होतो."

"आणि त्या दिवशी?"

"इंटरकॉम बंद होता. म्हणाला असेल तरी मला ऐकू येणं शक्य नव्हतं."

"मग हात?"

या प्रश्नाला मी चौदा वर्षे तयार होतो, असे मला वाटत होते. चौकशी समितीने तो विचारला होता. माझा पाय प्लास्टरमध्ये होता, जबडा तारांनी बांधलेला होता. मी उत्तर पाटीवर लिहून दिले होते: 'नो'. इंग्रजी दोन अक्षरे. माझ्या पाटीवरच्या त्या दोन अक्षरांवरून निष्कर्षाचे ते वाक्य तयार झाले.

"त्याने हात वर केले होते," मी म्हणालो. "समितीला मी पाटीवर 'नो' लिहून दिलं."

कारखानीसबाईंनी अर्ज बंद केला. मी पुढे सांगत गेलो.

"त्याने जास्त झुकवलं. इंटरकॉम सकाळपासून येत-जात होता. मी ओरडलो, त्याला ऐकू गेलं नाही. मी चिडलो आणि स्टिक हलवली. मागण्यासाठी नाही. चिडून. पोराला गदागदा हलवावं, तशी. आणि लगेच हात काढून इंटरकॉमच्या बटणाकडे नेला, पुन्हा ओरडायला. त्याला संकेत कळला. त्याने शिकवल्याप्रमाणे स्टिक सोडली आणि हात डोक्यावर नेले. मी वर पाहिलं तेव्हा मला त्याचे हातमोजे दिसले. आणि मला वाटलं, हा हे काय करतोय?"

"किती वेळ?"

"मोजायचं साधन नव्हतं. आता आहे."

त्यांनी फोनकडे पाहिले आणि तो पालथा घातला.

"हात खाली नाही आणले त्याने?"

"नाही. जमिनीपर्यंत नाही. त्याला वाटत होतं, विमान माझ्याकडे आहे."

टायरमध्ये हवा भरणे थांबले होते. त्या शांततेत मी लक्ष देऊन ऐकत होतो. काय, ते सांगता येणार नाही. आपल्या घशातून दुसरे कोणी बोलले आहे असे चौदा वर्षांनंतर कळले, की माणूस स्वतःच्या श्वासावरही पाळत ठेवतो. या गोष्टीला वैद्यकीय स्पष्टीकरण आहे. मी पुढे ते वाचले, ते समाधानकारक आहे. चार सेकंदांचा आकडा त्यात बसत नाही, पण तीन मोजण्यांवरून नियम बांधू नये.

"आता तुम्ही सही करणार नाही," मी म्हणालो.

"उडण्यात तुमच्या खोट नाही. मला ज्याने शिकवलं त्याच्यापेक्षा तुम्ही चांगले शिकवता. पण उद्या इथली मुलगी तुमच्या शेजारी बसेल, तुम्ही तिला सांगाल हात वर कर, ती करील, आणि तुम्ही चार सेकंद तिच्या डोक्यावर बघत राहाल. कशी करू सही?"

"मी आत्ता सांगितलं ना तुम्हाला."

"मला सांगून काय उपयोग? मी परीक्षक आहे, भटजी नाही. प्रायश्चित्त देणं माझ्या कामात बसत नाही." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "निकाल कोरा ठेवते. ज्यांना 'नो' लिहून दिलंत त्यांना आधी लिहा. आणि त्याच्या घरी कोण आहे?"

"वडील होते. रेवदंड्याला. असतील तर."

"बघा जाऊन. मग या. मी पुन्हा ऐकीन."

मी त्याच आठवड्यात मुख्यालयाला लिहिले. माझे पूर्वीचे निवेदन खोटे होते, एवढेच, कारणांशिवाय. परिणाम अपेक्षित होता. ज्या दाखल्यावर माझे सतराशे तास उभे होते, तो फेरविचारासाठी परत मागवला गेला. उड्डाणशाळेने महिनाअखेरीस दुसरा माणूस घेतला. परवाना मला मिळाला, पण त्याला सोळा महिने लागले, आणि तोवर मी नाशिकला अकरावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. त्या काळात रात्री कधी फोनवर स्वतःचे बोलणे टिपून ऐकले का, असे मला विचारले जाते. ऐकले.

रेवदंड्याला गेलो तो जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमारास. धर्मा तांडेल जिवंत होता. सत्तरी ओलांडलेली, छाती अजून रुंद, डोळ्यांत फूल पडलेले. घराच्या पायरीवर बसून तो बोंबील निवडत होता. मी नाव सांगितले. त्याला ते ठाऊक होते. अपघातानंतर माझ्या सहीचे सांत्वनाचे पत्र त्याला गेले होते.

मी उभ्यानेच सांगितले. हात वर केल्याचे सांगितले, 'नो' लिहिल्याचे सांगितले. त्याचा हात टोपलीत थांबला नाही.

"माजा पोर हात सोरून बसला," तो शेवटी म्हणाला, "कारन तुमी सांगितला व्हता."

"हो."

"आनि तुमी धरला नाय."

"नाही धरलं."

"घाबारला व्हता?"

हा प्रश्न मी येताना सबंध वाटेवर टाळला होता. माझ्याकडे त्याचे एकच निरीक्षण होते. "हात स्थिर होते," मी म्हणालो. "घाबरलेल्याचे हात तसे नसतात. त्याला वाटत होतं, मी आहे."

म्हाताऱ्याने हात धोतराला पुसले. तो उठला, आणि क्षणभर मला वाटले, तो मला मारणार. मला त्याचे काही वाटले नसते. त्याने माझा दंड धरला, घट्ट, होडीत चढणाऱ्याचा धरावा तसा.

"मना सांगून काय? मना ठाव हाय माजा पोर कसा व्हता. चला."

"कुठे?"

"बंदराव. चवदा वरसां तिथं बोलतान, धर्माचा पोर इमानात भ्याला, सोताबी मेला नि सायबाचा पाय बी मोरला. माज्या तोंडाव नाय बोलत. मी गेलो का गप ऱ्हातान."

होड्या नुकत्या लागल्या होत्या. वाळूवर जाळी पसरलेली, दहा-पंधरा माणसे ती साफ करत बसलेली, बायका टोपल्या भरत होत्या. धर्मा तांडेल मला घेऊन त्यांच्या मधोमध गेला आणि दंड सोडून बाजूला झाला. त्यांनी वर पाहिले आणि ती सगळी माणसे गप्प झाली.

मी ब्रीफिंगला उभा राहतो तसा उभा राहिलो. ही हकीकत मी आजवर एकदाच चारचौघांपुढे मांडली होती, चौकशी समितीपुढे, पाटीवर, इंग्रजीत आणि खोटी. मी समोरच्या माणसांच्या डोक्यांच्या वर पाहत नाही ना, हे तपासले. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत पाहून सुरुवात केली. "विश्राम तांडेल माझा विद्यार्थी होता. चूक माझी होती."

"मोट्यान बोला," मागून धर्मा म्हणाला. "वारा हाय."